आमस्टुट्झांचं मूळ गाव

"या विवाहास कोणाची रास्त हरकत असेल, तर त्याने ती आत्ताच सांगावी," असं पाळकसाहेबांनी वाचलं आणि सवयीप्रमाणे कागदाची घडी घालायला घेतली. आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाची सूचना देवळात तीन रविवार वाचतात आणि तिन्ही रविवारी शेवटी हे वाक्य येतं. ते संपलं की लोक गीतांची पुस्तकं उघडतात. कोणी खरोखर हरकत घेतल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या दिवशी बायकांच्या बाजूच्या दुसऱ्या बाकावरून एक म्हातारी उठली.

"माझी हाय हरकत," ती म्हणाली.

मी पुरुषांच्या बाजूला नवा कोट घालून बसलो होतो. लग्न माझं होतं. आणि उठलेली म्हातारी माझ्या होणाऱ्या बायकोची, एल्साची, सख्खी आजी होती.

"सगुणाबाई," पाळकसाहेब जरा पुढे वाकून म्हणाले, "मी काय विचारलं ते कळलं ना तुम्हाला?"

"कळलं की. भैरी न्हाई मी. काय हरकत हाय ते हितंच सांगू, का घरी येताय?"

पाळकसाहेबांनी घरी येणं पसंत केलं. पुढचं गीत कोणतं गायलं ते मला आठवत नाही. सगळी मंडळी गाता गाता माझ्याकडे बघत होती एवढं मात्र पक्कं आठवतं.

ही १९६४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी, प्रभाकर आढाव, मूळचा नगरकडचा, पाचगणीला गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. गावाबाहेर दरीच्या काठाला आमस्टुट्झांची डेअरी होती. एल्साचे आजोबा उलरिख आमस्टुट्झ १९११ साली स्वित्झर्लंडहून आले ते इथल्या एका सॅनेटोरियमच्या रोग्यांना दूध पुरवायला, आणि इथलेच झाले. सॅनेटोरियमात कपडे धुणाऱ्या वाईच्या सगुणाशी त्यांनी लग्न केलं. त्यांना एक मुलगा झाला, पॉल, आणि पॉलची एकुलती एक मुलगी एल्सा. पॉलकाकांची बायको लवकर गेली, त्यामुळे एल्साला आजीनेच वाढवलं. ती दिसायला आजोबांवर गेली होती, उंच आणि घाऱ्या डोळ्यांची. बोलायला मात्र थेट आजीवर. एखादा पाहुणा तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागला की ती "काय म्हनला वो?" असं विचारून त्याची दांडी उडवायची.

उलरिखसाहेब १९३८ सालीच वारले होते, पण त्यांची एक जाडजूड वही डेअरीत होती. पहिल्या गाईपासून प्रत्येक कालवडीची आई, आजी, पणजी, कोणाची कास चांगली, कोण लाथ मारते, सगळं त्यात. पुढे ती वही पॉलकाकांनी चालवली आणि नंतर एल्साने. त्या वहीच्या निमित्ताने मी आठवड्यातून तीनदा डेअरीवर जायला लागलो. गाई धडधाकट होत्या हे सगळ्यांना दिसत होतं, पण मला कोणी तसं बोललं नाही. लग्न ठरल्याचं कळवलं तेव्हा आईने नगरहून लिहिलं, "गाईची पणजी कोण ते विचारून औषध देतोस. बायकोची पणजी कोण ते विचारलंस का?" मी ते पत्र हसून बाजूला ठेवलं होतं.

तर त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे डेअरीच्या ओसरीवर बसलो. पाळकसाहेब, पॉलकाका, एल्सा आणि मी. आजी आतून एक फोटो घेऊन आली आणि तो पाळकसाहेबांच्या मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसली.

जाड पुठ्ठ्यावरचा जुना फोटो होता. एक गोरी बाई खुर्चीत बसलेली, मांडीवर लहानगा मुलगा, शेजारी जरा मोठी मुलगी. खाली छापलेलं फोटोवाल्याचं नाव आणि शहर, रीडबाख. मागे शाईने दोन ओळी.

"हे गेले तवा त्येंची पेटी आवरताना घावला," आजी म्हणाली. "सॅनेटोरियमात येक जर्मन डाक्टरीण आलती. तिनं मागचं वाचून दावलं. 'माझी बायको लीना आणि माझी मुलं, १९०९.' दोन वरसांनी ह्ये हिकडं आले. आन आनखी तीन वरसांनी माझ्याशी लग्न केलं, ह्याच देवळात."

तिने फोटोकडे बोट केलं.

"म्हंजे तिकडं येक बायकू आसताना केलं. मग मी कोन झाले? ठेवलेली बाई. आन ह्यो पॉल? आन ही पोर आमस्टुट्झ नाव कुन्या हक्कानं लावती?"

"आई," पॉलकाका म्हणाले, "सव्वीस वर्षं तू हे पोटात ठेवलंस?"

"आनखी ठेवलं आस्तं. पर आज देवासमोर विचारलं ना त्यांनी, कुनाला काय ठावं हाय का म्हनून. मला ठावं हाय. मग गप कशी बसू?"

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी समजावलं की पन्नास वर्षांपूर्वी आजोबांनी काय केलं याच्याशी नातीच्या लग्नाचा संबंध नाही, ही हरकत टिकत नाही, पुढच्या रविवारी दुसरी सूचना वाचू. देवळाची जुनी वही बघावी म्हटलं तर त्या सालची वही कधीच्या पावसाळ्यात भिजून लगदा झाली होती. आजोबांनी तेव्हा स्वतःबद्दल काय लिहून दिलं होतं ते सगुणाबाईंनाही माहीत नव्हतं. पाळकाने इंग्रजीत लिहिलं आणि तिने अंगठा उठवला, एवढंच तिला आठवत होतं.

मला तर तेवढं पुरे होतं. हरकत टिकत नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पण एल्सा उठली.

"दुसरी सूचना नका वाचू," ती म्हणाली. "आजी स्वतःला ठेवलेली बाई समजून माझ्या लग्नात बसणार असेल, तर मला लग्न नको. खरं काय ते आधी काढू. ती लीना तेव्हा होती का नव्हती, एवढंच कळायला पाहिजे."

"आणि असली तर?" मी विचारलं.

"असली तर बघू, डॉक्टर."

ते 'बघू' मला अजिबात आवडलं नाही. जूनमध्ये माझी परभणीला बदली होणार होती आणि त्याआधी लग्न उरकायचं असं ठरलं होतं.

पत्र कोणाला लिहायचं हा प्रश्नच नव्हता. फोटोवर शहराचं नाव होतं. तिथल्या कचेरीला मी इंग्रजीत पत्र लिहिलं. नावाआधी डॉक्टर लावलं, म्हणजे साहेब लोक जरा लक्ष देतील असं एल्साचं म्हणणं. कोणाचा डॉक्टर ते आम्ही लिहिलं नाही. पत्ताही माझ्या दवाखान्याचा दिला, म्हणजे आजीच्या हातात काही भलतं पडायला नको.

उत्तर आलं महिन्याने. चार ओळी, इंग्रजीतच. आमच्या शहराच्या नागरिकांच्या वहीत उलरिख आमस्टुट्झ नावाचा कोणीही माणूस नाही आणि कधी नव्हता.

मी ते पत्र दोन दिवस बॅगेत घेऊन फिरलो. एका व्यालेल्या म्हशीची वार पडत नव्हती, एका बैलाचं शिंग मोडलं होतं, सगळीकडे ते पत्र माझ्याबरोबर. एकदा असंही मनात आलं की उत्तर आलंच नाही म्हणावं. युरोपातलं टपाल, कोण विचारतंय. खोटं कशाला सांगू, हा विचार मी फार वेळ केला. तिसऱ्या दिवशी एल्सा वासराला घेऊन दवाखान्यात आली आणि माझा चेहरा बघून म्हणाली, "आलंय ना?"

तिने पत्र वाचलं, वरची तारीख बघितली, पाकिटावरचा आपल्या पोस्टाचा शिक्का बघितला.

"परवा आलं हे."

"होय."

"आणि परवापासून तुम्ही आमच्याकडे दोनदा चहा पिऊन गेलात."

त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. वासराबद्दल बोलायची, तेवढंच. जाताना मात्र एक अट घालून गेली की पुन्हा कधी काही आलं तर ते न उघडता डेअरीवर आणायचं. पुन्हा काही यायची आशा दोघांनाही नव्हती, पण मी मान डोलावली.

आजीला पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती रडली नाही. "म्हंजे नावबी खोटंच," एवढं म्हणाली आणि गाईंना पेंड घालायला गेली. चोवीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं नावसुद्धा खरं नव्हतं, असं ती धरून चालली. पुढच्या रविवारपासून तिने देवळात यायचं सोडलं. एल्सानेही सोडलं. गावात लोकांनी मला विचारायचं बंद केलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

मी आईला सगळं लिहिलं. उत्तराऐवजी चौथ्या दिवशी आई स्वतःच एस.टी.तून उतरली. ती मिशनच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होती. निवृत्त झाली तरी समोर आलेला प्रत्येक माणूस तिला तिसरीतलाच वाटायचा.

"चल, मला त्या सगुणाबाईंकडे घेऊन चल," ती म्हणाली. "लग्न मोडायचं की लावायचं ते मग बघू."

मला वाटलं आता उरलंसुरलंही संपलं. पण ओसरीवर बसल्यावर आईने फोटो, पत्र, लीना यातलं काही काढलं नाही. आमच्यात सोयरीक जुळवताना जसं सुरुवातीला विचारतात तसंच तिने विचारलं.

"सगुणाबाई, तुमच्या मालकांचं गाव कोणतं?"

"स्वित्झर्लंड," आजी म्हणाली.

"तो देश झाला. गाव?"

एल्सा मध्ये पडली. "रीडबाख, आत्याबाई. फोटोवर आहे. तिथून तर नाही म्हणून आलं."

आई मला सोडून सगळ्यांशी फार मऊ बोलायची. "अगं बाळ, माझ्या लग्नातला फोटो पुण्याला काढलाय. मग मी पुण्याची झाले का? फोटो जिथं फोटोवाला असतो तिथं काढतात. मी मूळ गाव विचारतेय."

"आई," मी म्हणालो, "त्यांच्यात तसं नसतं. मूळ गाव वगैरे आपल्याकडे."

"का? साहेबांना गाव नसतं?"

"जिथे जन्मले, जिथे राहिले, ते त्यांचं गाव."

"तुझा जन्म कुठला?"

"नगर."

"तुझ्या वडिलांचा?"

"नगरच."

"आणि सूचनेच्या कागदावर तू गाव काय लिहून दिलंस?"

"घोडेगाव," मी म्हणालो. घोडेगावला मी उभ्या आयुष्यात दोनदा गेलो होतो, त्यातलं एकदा मयताला.

"मग? तू दोनदा बघितलेलं गाव तुझं, आणि त्या माणसाला गावच नाही? फार शिकलास तू."

मी हसलो. साहेबलोकांबद्दल आपल्या आईपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटायचं ते वय होतं. एल्सालाही हसू आलं असावं, पण माझ्याबरोबर हसायचं नाही म्हणून ती दुसरीकडे बघत होती.

पॉलकाका अंगणात दुधाचे कॅन घासत होते. घासणं न थांबवता ते म्हणाले, "ओबरमाट."

"काय?" आई म्हणाली.

"ओबरमाट, बर्न परगणा." ते राखेचा हात झटकत ओसरीच्या पायरीशी आले. "मी लहान असताना बाबा मला विचारायचे, 'पॉल, तू कुठला?' मी म्हणायचो पाचगणीचा. की ते मान हलवायचे. 'नाही. ओबरमाट, बर्न परगणा.' पाठ होईस्तोवर म्हणून घ्यायचे. मला वाटायचं खेळ आहे. एकदा विचारलं, तुम्ही तिथं राहायचा का? तर म्हणाले, छे, एकदाच गेलो होतो."

"पप्पा!" एल्सा जवळजवळ ओरडलीच. "मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं बाबांचा जन्म कुठला, राहायचे कुठं. ते मला कुठं माहीत आहे?" पॉलकाका खरंच बुचकळ्यात पडले होते. "गाव कोणतं, असं कोणी विचारलंच नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आजन्म आभारी आहे.

त्याच संध्याकाळी ओबरमाटच्या कचेरीला पत्र लिहिलं. या वेळी ते एल्साने लिहिलं, मी फक्त तिकिटं लावली. उलरिख आमस्टुट्झ तुमच्या गावचे होते का, त्यांची पत्नी लीना कोण, आणि १९१४ साली ती हयात होती का, असं सरळ विचारलं, आणि रीडबाखहून नाही म्हणून आल्याचंही कळवलं.

आई परत जायला तयार होईना. "उत्तर येईपर्यंत थांबते," म्हणाली, आणि डेअरीवरच मुक्काम ठोकला. दोघी म्हाताऱ्यांचं चहावरून रोज वाजायचं. सगुणाबाईंना दुधाचा चहा लागायचा, आईला चहाचा. पण रात्री आजीची पाठ आईच चोळून द्यायची, असं मला पॉलकाकांनी सांगितलं. तिने आजीला पुन्हा देवळात चल म्हणून एकदाही आग्रह केला नाही.

एप्रिल संपता संपता पोस्टमनने जाड पाकीट आणून दिलं. मी ते उघडलं नाही. दवाखान्याला कडी लावली आणि सायकलवर टांग मारून चढण चढत डेअरीवर गेलो, पाकीट एल्साच्या हातात ठेवलं. तिने ते उलटंपालटं करून बघितलं, चिकटवलेली बाजू नखाने चाचपली, आणि महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "बसा, डॉक्टर. पाणी देते."

आतले कागद जर्मन भाषेत होते. बोर्डिंगच्या शाळेत पियानो शिकवणाऱ्या हिल्डेबाई म्हणून एक जर्मन बाई होत्या. पॉलकाका त्यांना टांगा करून घेऊन आले. ती बातमी कशी कोण जाणे पाळकसाहेबांनाही लागली आणि तेही मागोमाग आले. भर दुपारी ओसरीवर सगळे जमले. आजी आपल्या जागी, भिंतीला टेकून. आई तिच्या शेजारी. हिल्डेबाईंनी चष्मा लावला.

"कारकुनाचं पत्र आहे आणि त्यांच्या वहीतल्या एका पानाची नक्कल," त्या आपल्या तुटक मराठीत म्हणाल्या. "हा कारकून आधी लिहितो, तुम्ही रीडबाखला विचारलं म्हणून सापडलं नाही. आमच्या देशात प्रत्येक माणसाला एक गाव असतं. बापाकडून येतं. तो कुठेही जन्मो, कुठेही राहो, कुठेही मरो, नोंद त्या गावाच्या वहीत होते. आमस्टुट्झ घराणं ओबरमाटचं."

आईने पदर सारखा केला. माझ्याकडे बघायची तिला गरज वाटली नाही.

"म्हंजे नाव खरं हाय?" आजीने विचारलं.

"खरं. उलरिख आमस्टुट्झ, जन्म १८७८. वडील पेटर. आजोबा क्रिस्टियान. पणजोबा पुन्हा उलरिख. सगळे गवळी." हिल्डेबाईंचं बोट खाली सरकत होतं. "लग्न १९०४. लीना, एका सुताराची मुलगी. मुलं दोन. रोझा, १९०५. हान्स, १९०७."

आणि त्या थांबल्या. पुढे वाचत होत्या, पण मनात. एल्साने माझी बाही धरली. लीना १९१४ ला जिवंत असेल तर ही बाही आता सुटणार हे मला ठाऊक होतं.

"वाचा की," आजी म्हणाली. "आमचं लग्न झालं तवा ती व्हती का?"

"नव्हती," हिल्डेबाई म्हणाल्या. "१९१० च्या जानेवारीत गेली. त्या हिवाळ्यात घटसर्पाची साथ होती असं कारकून लिहितो. आधी रोझा, चार दिवसांनी हान्स, आणि त्या आठवड्यातच लीना."

एल्साने सोडलेला श्वास मला ऐकू आला. पॉलकाका पायरीवर बसले. मला खरं सांगायचं तर नाचावंसं वाटत होतं, आणि तीन माणसं मेल्याचं ऐकून नाचावंसं वाटतंय याची लाजही वाटत होती.

हिल्डेबाईंनी आजीकडे बघितलं आणि पान थोडं जवळ धरलं.

"पुढे आहे अजून. १९१४, दुसरं लग्न. पाचगणी, हिंदुस्थान. सगुणा, वाईच्या येशुदासची मुलगी. आता ओबरमाटची." त्यांनी मान वर केली. "आमच्याकडे बायको नवऱ्याच्या गावची होते. खाली पॉल, १९१६. तुमचं नाव त्या वहीत पन्नास वर्षं आहे, सगुणाबाई."

"माझं?" आजी म्हणाली. "कुनी घातलं?"

"त्यांनीच. इथल्या पाळकाचा दाखला जोडून गावाला कळवलं होतं. पत्राची नक्कल आहे." त्यांनी तिसरा कागद काढला. "छोटंच आहे. 'मी पुन्हा लग्न केलं आहे. तिचं नाव सगुणा. तिला गाईंची भीती वाटत नाही आणि ती मला हसते. माझ्या पानावर तिची नोंद करावी.' खाली सही."

आजीने तोंडाला पदर लावला. आम्हाला वाटलं रडतेय, पण पदराआडून आलं ते हसू होतं. असं हसू मी त्या घरात पूर्वी ऐकलं नव्हतं. खांदे हलेपर्यंत ती हसली आणि मग एकदम भडकली.

"आसा कसा मानूस वो हा! साता समुद्रापल्याड गावाला कळवलं, आन घरात बायकूला सांगाया तोंड नव्हतं? चोवीस वरसं येका ताटात जेवलो! मी काय तिच्या मेलेल्या पोरांवर जळले आस्ते व्हय?"

"नसेल सांगता आलं, आजी," एल्सा म्हणाली. ती आजीच्या पायाशी जाऊन बसली होती. "तिघं एका आठवड्यात."

फोटो आतल्या कोनाड्यात होता. आई उठून तो घेऊन आली आणि न विचारता आजीच्या हातात दिला. आजीने तो पदराने पुसला.

"आन म्या हिला सव्वीस वरसं शिव्या घातल्या," ती म्हणाली. "रोज. भाकरी थापताना." आता मात्र ती रडत होती, आणि रडता रडताच तिने विचारलं, "पोरीचं नाव काय म्हनला, बाई?"

"रोझा."

"आन ह्याचं?"

"हान्स."

आजीने दोन्ही नावं एकदा स्वतःशी म्हणून बघितली. मग तिने पायरीवर बसलेल्या आपल्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलाला हाक मारली. पॉलकाका एकटे वाढले होते. भाऊ नाही, बहीण नाही, आपल्याशेजारी बसायला कोणी नाही, असं ते मला एकदा म्हणाले होते.

"पॉल, हिकडं ये. ह्ये बघ. ही तुझी थोरली भैन, आन ह्यो तुझा भाऊ."

पॉलकाकांनी फोटो दोन्ही हातांत घेतला आणि खूप वेळ बघत राहिले. त्यांचे हात टांग्याच्या धुळीने माखलेले होते, पण कोणी त्यांना हात धुवून ये म्हणालं नाही.

हिल्डेबाई म्हणाल्या की कारकुनाने शेवटी एक विनंती केली आहे. त्या पानावर १९१६ नंतर काही लिहिलेलं नाही. पुढची नावं कळवलीत तर तो आभारी राहील. आईने लगेच पिशवीतून पेन काढून एल्साच्या हातात दिलं.

पाळकसाहेब इतका वेळ कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी घसा साफ केला. "सगुणाबाई, कागदोपत्री विचारावं लागतं म्हणून विचारतो. या रविवारी पुन्हा पहिल्यापासून सूचना वाचेन म्हणतो. तुमची ती हरकत आता राहिली नाही ना?"

आजीने नाक पुसलं. ती पॉलकाकांच्या हातातल्या फोटोकडेच बघत होती.

"हरकत कसली, बाबा?" ती म्हणाली. "माझी थोरली गेली, मधला गेला. धाकट्याच्या लेकीचं तरी लगीन बघू द्या की मला."